शाळेची बस फाटकाशी येण्याआधी: जैववैद्यकीय संस्थेत शाळांचं काम नव्यानं हाती घेणाऱ्यांसाठी

संस्थेच्या बैठकीत कुणीतरी सहज म्हणतं, "यंदा शाळांचं तुम्ही बघा," आणि हे काम पीएच.डी.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या एखादीच्या किंवा नुकत्याच रुजू झालेल्या तरुण शास्त्रज्ञाच्या गळ्यात पडतं. सूचना एवढीच असते की मुलं येतील, त्यांना लॅब दाखवा. हा लेख त्या व्यक्तीसाठी आहे. पुण्यात अशा संस्था बऱ्याच आहेत: १९५२ पासून काम करणारी आणि १९७८ पासून आजच्या नावानं ओळखली जाणारी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणजे एनआयव्ही, विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र म्हणजे एनसीसीएस, आगरकर रस्त्यावरची आघारकर संशोधन संस्था, पाषाणची भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था म्हणजे आयसर. विषय वेगवेगळे असले तरी शाळेशी काम करताना अडचणी त्याच येतात.

सुरुवातीलाच एक कसोटी ठरवून घ्या. तुम्ही जे दाखवाल किंवा कराल, ते शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना पुढच्या वर्षी तुमच्याशिवाय, ३५ मिनिटांच्या तासात, शाळेच्या कपाटातल्या आणि रविवार पेठेत मिळणाऱ्या सामानात करता येईल का? येत असेल तर त्यावर मेहनत घ्या. येत नसेल तर तो कार्यक्रम ठेवायला हरकत नाही, पण पाच मिनिटांच्या वर नको. लेसरखाली चमकणाऱ्या पेशी मुलांना आवडतात यात शंका नाही. पण चाळीस मुलं त्या एकदा बघून जातात, तर एक शिक्षिका दर वर्षी चार तुकड्यांना शिकवते.

आधी शाळेशी बोलणं

पहिला फोन मुख्याध्यापकांना आणि दुसरा विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना. फक्त मुख्याध्यापकांशी बोललात तर भेट ठरते, पण कोणती मुलं येणार हे हजेरीपटावरचे पहिले चाळीस किंवा "हुशार चाळीस" असं ठरून जातं. फक्त शिक्षकांशी बोललात तर परवानगी अडते. दोघांना एकच लेखी पत्र द्या. त्यात तारीख, वेळ, इयत्ता, मुलांची कमाल संख्या, सोबत किती शिक्षक हवेत, संस्था काय देईल आणि काय देणार नाही, हे सगळं असू द्या. बसचा खर्च कोण करणार हा प्रश्न त्याच पत्रात मिटवा. तो शेवटपर्यंत कुणी विचारत नाही आणि आदल्या दिवशी भेट त्यावरूनच रद्द होते.

शाळेला मुलं बाहेर नेण्यासाठी शिक्षण विभागाची परवानगी काढावी लागते. ते काम शाळेचं, पण त्याला तुमचं पत्र जोडावं लागतं. म्हणून किमान चार आठवडे हातात ठेवा. महापालिकेच्या शाळा असतील तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडून आणि जिल्हा परिषदेच्या असतील तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून सुरुवात करा. भोर, वेल्हे, मुळशी, जुन्नरकडच्या शाळांसाठी केंद्रप्रमुख हा खरा दुवा. दहा-बारा शाळा त्यांच्या ओळखीच्या असतात आणि कुठल्या शाळेतले सर प्रयोग करतात, कुठलं कपाट वर्षानुवर्षं उघडलेलं नाही, हे त्यांना पाठ असतं.

तारीख कधी धरायची

शाळा जूनच्या मध्यात सुरू होते. पहिले तीन आठवडे प्रवेश, पुस्तकं आणि बदल्यांमध्ये जातात. जुलै ते गणपतीच्या आधीपर्यंतचा काळ उत्तम. गणेशोत्सवात पुण्याच्या रस्त्यांवर शाळेची बस घालू नका. पुढे सत्र परीक्षा आणि दिवाळीची सुटी येते. नोव्हेंबरची अखेर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा बरा जातो, मग स्नेहसंमेलनं आणि सहली सुरू होतात. जानेवारीत दोन आठवडे सापडतात. फेब्रुवारीपासून दहावीची गडबड सुरू होते आणि इतर वर्गांचे शिक्षकही पर्यवेक्षणात अडकतात.

राहिला २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ मध्ये याच तारखेला रामन परिणामाचा शोध लागला आणि १९८७ पासून हा दिवस साजरा होतो. बहुतेक संस्थांची दारं त्या दिवशी खुली असतात आणि गर्दी जत्रेसारखी उसळते. त्या दिवसाला शाळांचं काम समजू नका. तो लोकांचा दिवस आहे, त्याची मजा वेगळी. पण एका मुलाला एका टेबलाशी दोन मिनिटांच्या वर थांबता येत नाही.

संस्थेतली भेट

चाळीस मुलं ही वरची मर्यादा. शाळा "साठ आणतो, बस भरते" म्हणेल, तेव्हा ठाम राहा किंवा दोन तारखा द्या. चाळिसांचे दहा-दहाचे चार गट, चार टेबलं, प्रत्येकी २० मिनिटं आणि एका जागेवरून दुसरीकडे जायला पाच मिनिटं. म्हणजे शंभर मिनिटं झाली. सुरुवातीला पंधरा आणि शेवटी प्रश्नांना वीस धरली की सव्वादोन तास होतात. बस दहाची ठरली तर साडेदहाला मुलं आत आहेत असं समजून वेळ आखा. विद्यापीठ चौकातून येणाऱ्यांसाठी हा अर्धा तास चैन नाही.

प्रत्येक गटाला एक वाट दाखवणारा आणि प्रत्येक टेबलाशी दोन माणसं लागतात: एक बोलणारा, एक हात चालवणारा. म्हणजे बारा जण, आणि आजारी पडणाऱ्यांसाठी वर दोन. गट मुलांना स्वतः पाडू देऊ नका, कारण नेहमीचे चार मित्र एकत्र येऊन बाकीचे सहा मागे उभे राहतात. फाटकाशी रंगीत चिठ्ठ्या वाटल्या की काम होतं. चार रंग, दहा-दहा चिठ्ठ्या.

सुरक्षा विभागाकडे मुलांची व शिक्षकांची यादी आणि बसचा क्रमांक तीन दिवस आधी द्या. एनसीसीएससारखी संस्था दुसऱ्या मोठ्या आवारात असेल तर बसला दोन फाटकं लागतात आणि यादी दोन्हीकडे लागते. स्वच्छतागृह कुठे, हे पहिल्याच मिनिटाला दाखवा. मुलींसोबत एक बाई स्वयंसेवक हवीच. तास-दीड तास बसमधून आलेल्या मुलांना आल्याआल्या भाषण ऐकवलं तर अर्धी मुलं पाय हलवत बसतात, आणि कारण विज्ञानाचा कंटाळा हे नसतं. पाण्याच्या बाटल्या आणि डबे लॅबच्या बाहेर एका टेबलावर. लॅबमध्ये खाणं-पिणं नाही, हा नियम सांगताना कारणही सांगा. पायांत बंद बूट हवेत असं पत्रात लिहिलं तरी निम्मी मुलं चपला घालून येतील. त्यांना परत पाठवू नका, त्यांच्यासाठी कोरडी टेबलं ठेवा.

काय दाखवायचं नाही तेही आधी ठरवा. जैवसुरक्षेच्या चार पातळ्यांपैकी दुसरीपासून पुढच्या कुठल्याही चालू लॅबमध्ये मुलं नकोत. किरणोत्सारी खोली आणि प्राणिगृहही नको. पाषाणला एनआयव्हीची चौथ्या पातळीची प्रयोगशाळा आहे हे मुलांनी बातम्यांत ऐकलेलं असतं आणि ती बघायची इच्छा असते. नुसतं "नाही" म्हणण्यापेक्षा त्यांना दोन जोड हातमोजे एकावर एक घालायला द्या, चेहऱ्यावर फेसशील्ड चढवा आणि ड्रॉपरनं बारीक नळीत वीस थेंब मोजून घालायला सांगा. घामानं ओले हात, धुरकटलेली काच, चुकलेला थेंब. आत काम करणारा माणूस तासन्‌तास काय करत असतो ते पाच मिनिटांत कळतं, आणि त्यासाठी कुठलंही दार उघडावं लागत नाही.

प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल आठवीतली एखादी मुलगी विचारेलच. उत्तर टाळू नका. कोणते प्राणी, कशासाठी, कुठल्या समितीची परवानगी लागते, पर्याय काय वापरले जातात, हे सरळ सांगा.

द्रव नायट्रोजन हा सगळ्यांचा लाडका खेळ. उणे १९६ अंशांचं ते द्रव, त्यात बुडवलेला झेंडू टेबलावर आपटला की काचेसारखा फुटतो. करा, पण त्याच टाकीत पेशी वर्षानुवर्षं कशा साठवतात आणि गोठताना बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटू नयेत म्हणून काय घालतात, हे सांगितल्याशिवाय नको. नाहीतर तो फक्त झेंडू फोडण्याचा खेळ राहतो. एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि तो खोलीतला ऑक्सिजन ढकलून देतो. म्हणून लहान, बंद, एसी खोलीत हा प्रयोग कधीच करायचा नाही. पुढची रांग दोन मीटर मागे.

मुलांच्या सुरक्षेचे नियम

हा भाग छोटा आहे, पण यात सूट नाही. कुठलाही स्वयंसेवक एकट्या मुलासोबत बंद खोलीत थांबणार नाही. शाळेचे शिक्षक गटापासून दूर जाऊन चहा पीत बसणार नाहीत. मुलांचे मोबाइल क्रमांक घ्यायचे नाहीत, आपले द्यायचे नाहीत. पुढचा सगळा संपर्क शिक्षकांमार्फत. चेहरा दिसणारा फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकायचा नाही, स्वयंसेवकाच्या स्वतःच्या स्टेटसलाही नाही. मुलांशी लैंगिक गैरवर्तन झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं हे २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं बंधनकारक आहे. संस्थेच्या आत मिटवण्याची ती बाब नाही, हे स्वयंसेवकांना पहिल्याच बैठकीत सांगा.

टेबलावर काय ठेवायचं: तीन प्रयोग, चुकांसकट

पहिला, केळ्यातला डीएनए. हा सगळीकडे होतो आणि निम्म्या ठिकाणी फसतो. अर्धं पिकलेलं केळं, साधारण ५० ग्रॅम, झिपच्या पिशवीत घालून हातानं दोन मिनिटं कुस्करायचं. ५० मिली पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि एक चमचा भांडी घासायचं लिक्विड हलक्या हातानं मिसळून, फेस न आणता, ते पिशवीत ओतायचं. पाच मिनिटांनी मलमलच्या फडक्यातून गाळायचं. गाळलेलं १० मिली परीक्षानळीत घेऊन, नळी तिरकी धरून, काठावरून बर्फात थंड केलेलं तेवढंच आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडायचं. दोन थर दिसले पाहिजेत. पाच ते आठ मिनिटांत मधल्या रेषेवर पांढरट, शेवाळासारखी गुंतवळ वर चढते.

फसतं कुठे? एक, मिक्सरमध्ये केळं फिरवलं की धागे तुटतात आणि नुसता गढूळपणा उरतो. दोन, अल्कोहोलऐवजी सॅनिटायझरची जेल किंवा ७० टक्क्यांचं स्पिरिट घेतलं जातं. त्यात पाणी इतकं असतं की काहीच वर येत नाही. आयसोप्रोपिल ९९ टक्क्यांचंच घ्या. शुद्ध इथेनॉल दुप्पट लागतं आणि त्यासाठी उत्पादन शुल्क विभागाचे नियम पाळावे लागतात, त्यामुळे शाळेला ते सुचवू नका. तीन, अल्कोहोल थंड नसतं. चार, शेजारच्या टेबलावर कुणीतरी स्पिरिटचा दिवा पेटवलेला असतो. हा प्रयोग चालू असताना खोलीत ज्योत नको.

आणि एक प्रामाणिकपणाची गोष्ट. काडीवर गुंडाळून काढलेली ती गुंतवळ बघून "हा डीएनए" असं म्हणून मोकळं होऊ नका. त्यात आरएनए आहे, प्रथिनं आहेत आणि केळ्यातलं पेक्टिन तर भरपूर. डीएनएचा एक रेणू दोन नॅनोमीटर जाडीचा, तो डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो असंख्य रेणूंचा गुंता. "मग तो डीएनएच आहे हे कसं सिद्ध कराल?" हा प्रश्न मुलांना विचारा. तुमच्या संस्थेत पुढे काय होतं ते सांगण्याची वाट तिथूनच निघते.

दुसरा प्रयोग संसर्गाचा, आणि या तिघांत सगळ्यात कमी खर्चाचा. ३२ कागदी पेले, १५० मिलीचे, प्रत्येकात ६० मिली पाणी. एका पेल्यात अर्धा चमचा धुण्याचा सोडा कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून घातलेला, दिसायला इतरांसारखाच. कुणाकडे तो आहे हे मुलांना माहीत नाही. प्रत्येक मूल एक जोडीदार शोधतं, एक जण आपलं सगळं दुसऱ्याच्या पेल्यात ओततो आणि मग निम्मं-निम्मं वाटून घेतात. जोडीदाराचं नाव चिठ्ठीवर लिहायचं. असे तीन फेरे, दर फेरीला नवा जोडीदार. मग प्रत्येक पेल्यात हळदीच्या अर्काचा एक थेंब. एक चमचा हळद ५० मिली अल्कोहोलमध्ये ढवळून गाळली की अर्क तयार. ज्या पेल्यात सोडा पोहोचला, तो लाल होतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात हे ठाऊक असलेली एखादी मुलगी वर्गात असतेच. तिला बोलू द्या, रसायनशास्त्रातला दर्शक म्हणजे काय ते तीच समजावून सांगेल.

एकापासून तीन फेऱ्यांत जास्तीत जास्त आठ. आठ का, नऊ का नाही, आणि कधीकधी आठपेक्षा कमी का येतात, हे वर्गानंच काढायचं. मग चिठ्ठ्या फळ्यावर मांडून "सुरुवात कुणापासून?" हा शोध. मुलं पंधरा मिनिटं भांडतात आणि निदान दोन नावांवर येऊन अडकतात. अडकायलाच हवं: पहिल्या फेरीत ज्या दोघांनी पाणी वाटून घेतलं, त्या दोघांचे पेले त्यानंतर अगदी सारखेच झाले. नोंदींवरून त्यांच्यात फरक करताच येत नाही. साथीचा माग काढणाऱ्या माणसाची मर्यादा याहून स्वस्तात शिकवता येत नाही.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे खाण्याचा सोडा. शिक्षक घरातून तोच आणतात. तो सौम्य असतो, हळद जेमतेम बदलते आणि तीन फेऱ्यांनंतर सगळे पेले पिवळे. धुण्याचाच सोडा हवा. दुसरी चूक बोअरच्या पाण्याची. काही भागांत ते मुळातच अल्कधर्मी असतं आणि सोडा नसलेले पेलेही नारिंगी दिसतात. आधी साध्या पाण्याच्या एका पेल्यात थेंब टाकून बघा, आणि तो पेला मुलांनाही दाखवा, कारण तुलनेसाठी ठेवलेला नमुना म्हणजे काय ते शिकवण्याची हीच वेळ. डोळ्यांत उडालं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, आणि पिऊ नका हे दोनदा सांगा. शेवटची चूक शब्दांची. "अरे, याला झालाय!" असं वर्ग ओरडू लागला तर थांबवा. ज्याच्या हातात पहिला पेला निघाला, त्याला दोन आठवडे चिडवतात. म्हणून सुरुवातीचा पेला तुम्ही स्वतः किंवा शिक्षकांनी घ्यायचा, मुलांना न सांगता.

तिसरा, सूक्ष्मदर्शक. बहुतेक शाळांत तो असतो, कुलपात. तो बाहेर काढणं हेच निम्मं काम आणि त्यासाठी प्रयोगशाळा परिचरांशी मैत्री लागते. किल्ली त्यांच्याकडे असते आणि कुठल्या नळाला पाणी येतं हेही त्यांनाच माहीत असतं. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. मऊ लेन्स पेपरवर आयसोप्रोपिलचा थेंब घेऊन आतून बाहेर फिरवत पुसा. शर्टाच्या टोकानं नाही.

कांद्याचा पापुद्रा आतल्या, खोलगट बाजूनं सोला. घडी पडली तर दोन थर दिसतात आणि चित्र गोंधळतं. पेशी रंगवायला सॅफ्रानिन नसेल तर मेडिकलमधलं पोव्हिडोन आयोडीन एकास पाच पाण्यात मिसळून चालतं. आच्छादन काच एका कडेनं टेकवून हळूच सोडा. मुलांनी उत्साहानं "पेशी दिसली!" म्हणून दाखवलेली काळ्या जाड कडेची गोल वस्तू दहापैकी सात वेळा हवेचा बुडबुडा असते. उरलेल्या वेळी स्वतःची पापणी. नेहमी १० च्या भिंगानं सुरुवात करा. ४५ चं भिंग खाली आणताना बाजूनं बघत आणा, नाहीतर काच फुटते आणि भिंगाला चरा पडतो.

मग मोजायला लावा. पारदर्शक पट्टी १० च्या भिंगाखाली ठेवली की दृश्यक्षेत्राचा व्यास कळतो, बहुतेक शाळांच्या सूक्ष्मदर्शकांत १.८ मिलिमीटरच्या आसपास. त्यात कांद्याच्या सहा पेशी लांबीनं मावल्या तर एक पेशी ०.३ मिलिमीटर. हा आकडा मुलांनी स्वतः काढलेला असतो आणि तो विसरला जात नाही. त्यावरून दशलक्षपट मोठं करून बघा: गालाची पेशी ६० मीटरचं मैदान होते, जीवाणू त्या मैदानात उभ्या असलेल्या माणसाएवढा, कोरोनाचा विषाणू दहा सेंटिमीटरचा, म्हणजे मोठ्या मोसंबीएवढा. आणि बघणारं दीड मीटर उंचीचं मूल पुण्याहून दिल्लीच्या पुढे पोहोचतं.

गालाच्या पेशी बघायच्या असतील तर प्रत्येकानं फक्त स्वतःच्या, कापसाच्या बोळ्याच्या काडीनं. रंगासाठी माशांच्या टाक्या विकणाऱ्यांकडचं मिथिलिन ब्लू पुरतं. काड्या आणि काचा लगेच ब्लीचच्या पाण्यात.

हाताचे जंतू बशीत वाढवण्याचा प्रयोग मात्र शाळेत सुरू करून देऊ नका, जोवर शिक्षकांना नाश करण्याची पद्धत तोंडपाठ नाही. बशी एकदा चिकटपट्टीनं बंद केली की कधीही उघडायची नाही, ३७ अंशांना ठेवायची नाही, नाकातला, जखमेचा किंवा स्वच्छतागृहातला नमुना घ्यायचा नाही, आणि शेवटी कुकरमध्ये शिट्टीनंतर मंद आचेवर अर्धा तास. तो कुकर पुन्हा स्वयंपाकाला नाही. सूक्ष्मजीव दाखवायचेच असतील तर दही घ्या. पाण्यात पातळ केलेला थेंब, मिथिलिन ब्लू, ४५ चं भिंग. बारीक ठिपके आणि काड्या दिसतात, आणि विरजण लावताना आई नेमकं काय करते ते कळतं.

शब्द कुठले वापरायचे

मराठी माध्यमाच्या मुलांना पेशी, केंद्रक, तंतुकणिका, विकर, गुणसूत्र हे शब्द माहीत असतात, कारण बालभारतीच्या पुस्तकात तेच आहेत. तुम्हाला ते माहीत नसतात, ही खरी अडचण. सेमी-इंग्रजीची मुलं उलट: मायटोकाँड्रिया म्हणतात, पण प्रश्न मराठीत विचारतात. भेटीआधी त्या इयत्तेचं पुस्तक उघडून तो धडा वाचा. आठवीत सूक्ष्मजीव आणि आरोग्य व रोग आहेत, दहावीच्या दुसऱ्या भागात आनुवंशिकता आणि जैवतंत्रज्ञान. तुमचं संशोधन धड्यातल्या एका परिच्छेदाला जोडता आलं की शिक्षकांना तुमच्यासाठी तास काढणं सोपं जातं.

सगळ्यात गोंधळाचा शब्द "जंतू". घरात तो सगळ्यालाच वापरतात, त्यामुळे जीवाणू आणि विषाणू मुलांच्या मनात एकच होतात, आणि मग सर्दीवर अँटिबायोटिक का नको हे कळायला जागाच राहत नाही. या एका फरकावर पूर्ण वीस मिनिटं घालवली तरी वाया जात नाहीत.

उदाहरणं जवळची घ्या. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगची गोष्ट मुलांना इतिहासातून माहीत असते. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना त्याच साथीत १० मार्च १८९७ ला गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं ते १८९८ मध्ये, कराचीत. म्हणजे १८९७ मध्ये घरं धुऊन काढणाऱ्यांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं? हा प्रश्न इतिहासाच्या सरांनाही वर्गात ओढून आणतो.

प्रश्नांचा वेळ

हात वर करा म्हटलं की तेच चार हात वर होतात. आल्याआल्या कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, नाव नको, डब्यात टाका. मग खरे प्रश्न येतात. "तुम्हाला पगार किती?" हा पहिला. सांगा: पीएच.डी. करणाऱ्याला शिष्यवृत्ती मिळते, केंद्र सरकारच्या जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीचा दर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. शिकण्याचे पैसे मिळतात ही गोष्ट अनेक घरांत नवीनच असते. 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा न देताही आजारांवर काम करता येतं आणि त्यासाठी बी.एस्सी.ची किंवा आयसरची वाट आहे, हेही सांगा.

दुसऱ्या जातीचे प्रश्न घरच्या आजारांचे: आजीची साखर, काकांचा रिपोर्ट. तुम्ही डॉक्टर नाही हे स्पष्ट सांगा आणि सल्ला देऊ नका, कितीही सोपा वाटला तरी. तिसरे, शहरात साथ असताना येणारे. २०२४ च्या पावसाळ्यात झिका होता, २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस हा मज्जातंतूंचा आजार. अशा दिवसांत शाळांचे फोन येतात. महापालिका आणि आरोग्य विभागानं जाहीर केलंय तेवढंच बोला. तुमच्या लॅबमध्ये नमुने तपासले जात असतील तर तोंड अधिकच आवरा. मुलाला सांगितलेलं वाक्य संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर "संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सांगितलं" म्हणून फिरतं.

शिक्षकांबरोबरचं काम

शिक्षकांसाठी दोन दिवसांची कार्यशाळा, २४ जण, तीन-तीनच्या आठ टेबलांवर. याहून जास्त घेतले की प्रयोग प्रात्यक्षिक होतो आणि शिक्षक टिपणं काढत बसतात. त्यांनी हातानं करायचं, चुकायचं आणि चूक का झाली ते शोधायचं. वरचा खाण्याच्या सोड्याचा घोळ मुद्दाम एका टेबलावर होऊ द्या.

शिक्षकांना येण्यासाठी ऑन ड्युटी पत्र लागतं, म्हणून जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था म्हणजे डाएट किंवा शिक्षणाधिकारी कार्यालयामार्फत निमंत्रण जाऊ द्या. राज्याची शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद सदाशिव पेठेतच आहे. मोठा उपक्रम असेल तर तिथे आधी बोला. दोन दिवस मिळत नसतील तर केंद्रप्रमुखांच्या शिक्षण परिषदेत एक तास मागा. तिथे चाळीसेक शिक्षक आधीच जमलेले असतात. एका तासात एकच प्रयोग, पेल्यांचा.

दुसऱ्या दिवशीची दुपार मोकळी ठेवा. त्या वेळात प्रत्येक शिक्षकानं आपल्या शाळेतलं सामान, तासाची लांबी आणि पटसंख्या धरून प्रयोगाचा आराखडा स्वतः लिहायचा. साठ मुलांच्या वर्गात ३२ पेले कसे चालवायचे? एक शिक्षक दोन मुलांना एक पेला देतो, दुसरी अर्ध्या वर्गाला नोंदी ठेवायला लावते. हे उत्तर तुमच्याकडे नाही. ते ऐका, लिहून घ्या आणि पुढच्या कार्यशाळेत त्यांच्या नावानं सांगा.

जाताना सामान द्या, बॅगा आणि पेन नकोत. मिथिलिन ब्लूची बाटली, पन्नास आच्छादन काचा, लेन्स पेपर, हळदीचा अर्क कसा करायचा याचं एका पानाचं मराठी टिपण. प्रमाणपत्र हवंच, त्यावर तास लिहा. सेवापुस्तकाच्या दृष्टीनं त्याला किंमत असते आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नंतर

"कार्यक्रम कसा वाटला?" या कागदावर सगळे "खूप छान" लिहितात. त्याऐवजी भेटीआधी आणि तीन आठवड्यांनी एकच प्रश्न द्या: सर्दी झाल्यावर अँटिबायोटिक घ्यावं का? का? उत्तरं शेजारी-शेजारी ठेवून वाचा. काही मुलांचं उत्तर "नाही" असं बदलतं, पण कारण जुनंच राहतं, "गरम पडतं म्हणून". म्हणजे तुमचा विषाणूंचा भाग नीट पोहोचला नाही, पुढच्या वेळी तोच बदला.

सहा आठवड्यांनी शिक्षकांना फोन करा आणि एवढंच विचारा: प्रयोग पुन्हा केलात का, कुठे अडलं? बहुतेकदा अडलेलं फार छोटं असतं. अल्कोहोल मिळालं नाही, दोन तास जोडून मिळाले नाहीत, परिचर रजेवर होते. जे पाठवता येईल ते पाठवा आणि त्याच शाळेची पुढच्या वर्षीची तारीख त्याच फोनवर घ्या. दर वर्षी नवीन दहा शाळांपेक्षा त्याच तीन शाळांत चार वेळा गेलेलं बरं, अहवालात आकडा लहान दिसला तरी. आणि एप्रिलमध्ये, सुटी लागण्याआधी, त्यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या पेट्यांत सिलिका जेलच्या ताज्या पुड्या टाकायला सांगा. निळ्या असतील तर चांगल्या, गुलाबी झाल्या असतील तर बदलायच्या.